आभाळाचा दिवस

मामांचा फोन आम्ही बंद केला नव्हता. ते जाऊन बारा दिवस झाले होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे परतले होते, आणि तो जुना बटनांचा फोन स्वयंपाकघराच्या फडताळावर, डब्यांच्या शेजारी चार्जिंगला लावलेला होता. सवयीनं मीच लावला असणार. सकाळी नऊच्या सुमाराला तो वाजला. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, तिकडे निघायच्या गडबडीत होते. एका हातानं डबा भरत दुसऱ्या हातानं उचलला. "मुकादम हायती का? मी करकंबचा नागनाथ." मामा म्हणजे माझे सासरे, किसन मुकादम. सरकारी रोपवाटिकेत मजूर म्हणून लागले, माळी झाले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून बाहेरच्यांसाठी त्यांचं नाव मुकादमच. मी नागनाथअण्णांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "आमाला कुनी कळवलं न्हाय, ताई." खरं होतं. कळवायच्या यादीत त्यांचं नाव मला आठवलं नव्हतं, किंवा मी ते आठवू दिलं नव्हतं.

"दोन वरसं झाली, मी फोन केला न्हाय," ते सांगत होते. "त्येंनीच मना केलं हुतं. म्हनले, माजा अंदाज चुकाय लागलाय, घरचं झाड सुदीक सांगतंय मला, तू दुसरं कुनी बघ. पर आज एक अडलं, म्हनलं इचारावं. शिव्या देतील तर देऊ देत." काय अडलं होतं तेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून मी डबा तसाच उघडा ठेवला, मागच्या ओसरीत गेले आणि भिंतीसमोर उभी राहिले. पहिला तास संपेपर्यंत शाळेत पोहोचले नाही. नागनाथअण्णांचं काय अडलं होतं ते सांगण्याआधी मला दोन उन्हाळ्यांपूर्वीची एक गोष्ट सांगायला हवी. ती त्या दिवसापर्यंत मी कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

मामांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. त्यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबले. आणि ज्यांच्या डाळिंबाच्या बागा एकरांत मोजाव्या लागतात अशी माणसं आमच्या वस्तीत, निळ्या झेंड्याच्या चौकात गाडी लावून, "मुकादमांचं घर कुठलं?" असं विचारत यायची. मोहोळहून, करमाळ्याहून, करकंबहून. पिशवीत डाळिंबाची फांदी असायची, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. कळी येते आणि गळते, फूल दिसतं पण फळ धरत नाही, ही तक्रार घेऊन. मामा त्याबद्दल कधी मोठेपणानं बोलले नाहीत. पण कुणी येणार असं फोनवर ठरलं की त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालायचे आणि दहा वाजल्यापासून पुढच्या दाराकडे बघत बसायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना चिडवायच्या, "नवरदेव बसलाय बघ."

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, झाडाला फूल आलं म्हणजे फळ आलंच. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मामांनी मला मागच्या अंगणात बोलावलं आणि डाळिंबाची दोन फुलं माझ्या तळहातावर ठेवली. दोन्ही सारखीच लालभडक. "कमरंकडं बघ," ते म्हणाले. नव्या सुनेला सासऱ्यानं असं म्हणावं... मला हसू आवरेना, आणि आत्या आतून ओरडल्या, "अवो, फुलाच्या म्हनावं." मामांनी लक्षच दिलं नाही. एका फुलाचा देठाकडचा भाग घागरीसारखा फुगलेला होता, दुसऱ्याचा देठाकडे निमुळता होत गेलेला. "ह्ये निमुळतं, ह्ये नर. गळनार. त्येच्या नादी लागायचं न्हाय. ही दुसरी, हितं पोट धरलंय, ही ऱ्हानार. झाड सुखात असलं की पानं काढतं आन असली निमुळती फुलं दावतं. त्येला वाटलं पायजे की आपलं आता काय खरं न्हाय. मंग त्ये फळाचं बघतं."

झाडाला असं वाटावं म्हणून जे करतात त्याला ताण देणं म्हणतात. आमच्या जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. ऐन चैत्र-वैशाखात झाडाचं पाणी तोडायचं. महिना, सव्वा महिना. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग छाटायचं, खत घालायचं, पाणी सोडायचं, आणि तीन-चार आठवड्यांत ते कळ्यांनी भरून येतं. निवृत्तीनंतर मामांनी मागच्या अंगणात डाळिंबाचं एकच झाड लावलं होतं, मुरमाड जागा बघून. दर उन्हाळ्यात ठरल्या दिवशी ते अंगणातल्या नळाचा पाइप काढायचे, गुंडाळून ओसरीतल्या खिळ्याला टांगायचे आणि सुतळीनं बांधायचे. ती गाठ त्यांची स्वतःची होती, एक टोक ओढलं की सुटणारी. गाठ असेपर्यंत त्या झाडाला थेंबभर पाणी नाही. आत्या हा नियम कडक पाळायच्या, भांडी विसळलेलं पाणीसुद्धा दुसऱ्या कोपऱ्यातल्या अळूला घालायच्या. त्याच खिळ्याखाली, ओसरीच्या भिंतीवर, मामा रोज संध्याकाळी विटेच्या तुकड्यानं एक रेघ ओढायचे. ताणाचे दिवस मोजायची ही त्यांची पद्धत. बेचाळीस रेघा झाल्या की गाठ सुटायची. पाणी सोडलं की आत्या ओल्या फडक्यानं भिंत पुसून घ्यायच्या.

आत्या गेल्या आणि वर्षभरात मामा विसरायला लागले. म्हणजे आम्ही तसं म्हणायला लागलो. गॅसवर चहा ठेवून बाहेर गेले, भांडं करपलं. माझ्या लेकीला एकदा आत्यांच्या नावानं हाक मारली. चष्मा शोधत होते, कपाळावर होता. ज्या घरातलं माणूस सत्तरीच्या पुढे आहे त्या प्रत्येक घरात हे होतं, पण मी घाईनं मत बनवणारी बाई आहे आणि एकदा बनवलं की त्याला पुरावे गोळा करत सुटते. त्या उन्हाळ्यात मला ओसरीच्या भिंतीवर पुरावा सापडला. कॅलेंडरप्रमाणे ताणाचे चोवीस दिवस झाले होते, भिंतीवर रेघा सत्तावीस. दुसऱ्या दिवसापासून मी लक्ष ठेवलं. सोमवारी त्यांनी रेघच ओढली नाही. मंगळवारी एक. बुधवारी माझ्या डोळ्यांदेखत दोन ओढल्या. "मामा, दोन झाल्या आज," मी म्हटलं. ते हसून म्हणाले, "व्हय, दोन झाल्या की." मला वाटलं, चूक झाकायला हसतायत. संध्याकाळी मी नवऱ्याला भिंत दाखवली. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "आबांना आता डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."

त्याच सुमाराला शेजारच्या अनसूयाक्का कुंपणावरून म्हणाल्या, "सुजाता, झाड वाळून चाललंय की गं. म्हाताऱ्याला आठवत नाही वाटतं पाणी घालायचं." आमच्या लेकीनं तर आजोबांचं झाड मरतंय म्हणून जेवताना डोळ्यांत पाणी काढलं. ऊन असं होतं की दुपारी दाराच्या कडीला हात लागत नव्हता. झाडाच्या उरल्यासुरल्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. ज्या माणसाला स्वतःच्या रेघा मोजता येत नाहीत त्याच्या मोजणीवर हे झाड मारायचं का, असं मी स्वतःला विचारलं आणि उत्तरही मीच दिलं. दुसऱ्या दिवसापासून मामा पहाटे फिरायला गेले की मी एक बादली पाणी, भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, झाडाच्या मागच्या अंगाला ओतायला लागले. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यातून बाजूला काढून ठेवायचे. मला त्यात पुण्य केल्यासारखं वाटायचं.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातंय. पाणी ओतून झालं की मी त्या ओलीवर कोरडी माती पसरायचे, हातानं, सारखी करून. नकळत केलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती. दयाच असती तर मामांसमोर बादली घेऊन उभी राहिले असते, भांडले असते. मला वाद नको होता, मला फक्त माझं खरं ठरायला हवं होतं.

बेचाळिसावी रेघ ओढून मामांनी गाठ सोडली, पाणी सोडलं, आणि रोज सकाळी झाडापाशी जाऊन उभे राहायला लागले. झाडाला पानं आली. भरभरून, हिरवीगार, तकतकीत पानं. अनसूयाक्का म्हणाल्या, "बघ, कसं जगलं." कळ्या उशिरा आल्या, थोड्या, आणि एकेक फूल उमललं तसं मामा ते दोन बोटांत धरून फिरवून बघत. सगळ्यांच्या कमरा निमुळत्या. आठवडाभरात झाडाखाली लाल सडा पडला आणि वर काही उरलं नाही. मामांनी खालचं एक फूल उचललं, नखानं चिरलं, आत बराच वेळ बघितलं. मग त्या भिंतीकडे वळून रेघा मोजल्या, एकदा नाही, दोनदा. मी कपडे वाळत घालत होते. "सुजाता, मी कुटंतरी चुकलो गं," ते म्हणाले. माझ्या हातात त्यांचाच ओला सदरा होता. मी म्हटलं, "होतं मामा एखाद्या वर्षी."

ती पहिली संधी होती. दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी आली, जेव्हा नागनाथअण्णा स्वतः फांदी घेऊन आले. मामांनी त्या दिवशी सदरा बदलला नाही. गोणपाट सोडलंसुद्धा नाही. "नागनाथ, आता मला इचारू नको," ते म्हणाले. "माजं डोकं चालंना. चुकीचं सांगून बसलो तर तुजी बाग जायची." अण्णा म्हणाले, "एका वरसानं काय हुतंय, मुकादम?" मामा म्हणाले, "घरचं झाड खोटं बोलत न्हाय, बाबा." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा ठेवला आणि साखर बरोबर आहे का ते विचारलं.

मग सगळं भराभर झालं. आबांनी स्वतःच ओळखलं ते बरं झालं, असं नवरा म्हणाला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एकट्यानं फिरायला जाणं बंद, गॅसला हात लावणं बंद. फांद्या घेऊन येणारी माणसं हळूहळू यायची थांबली, कारण मामा सगळ्यांना तेच सांगायचे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी पाइप खिळ्याला बांधलाच नाही. मी मुद्दाम आठवण केली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाल रोज पानी." आत्या नव्हत्या म्हणून आदल्या वर्षीच्या रेघा कुणी पुसल्या नव्हत्या, त्या तशाच राहिल्या. मामांनी आपली खुर्ची ओसरीतून पुढच्या दाराशी हलवली आणि तिथे रस्त्याकडे तोंड करून बसायला लागले. आता तिथे कुणी येणार नव्हतं. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे, कप परत आणायचे. रोज दोनदा. पावणेदोन वर्षं.

शेवटच्या आठवड्यात ताप होता, बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी त्यांच्या कपाळावरची घडी बदलत होते तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "झाडाला पानी घातलंस का?" मी हो म्हटलं. "घालत जा... बिचाऱ्याला माज्या पायी लई सोसावं लागलं." त्या क्षणी मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मला वाटलं, आत्ता नको, ताप उतरू दे. ताप उतरला नाही.

तर नागनाथअण्णांचं अडलं होतं ते हे. त्यांच्या बागेला ताण सुरू होता. "मुकादमांनी शिकवलेलं हाय, आबाळाचा दिस धरायचा न्हाय," ते फोनवर म्हणाले. "पाऊस शिंतडला तर त्यो बी न्हाय. आन लई तापलेला, वारं सुटलेला दिस आसंल तर त्यो दोन धरायचा. झाडाला तान उनाचा बसतो, ताई, कॅलेंडरचा न्हाय. पर शिंतडा झाल्यावर फुडला कोरडा दिस धरायचा का सोडायचा, ह्ये मी इसरलो." मी भिंतीसमोर उभी होते. दोन वर्षांपूर्वीचा तो सोमवार मला लख्ख आठवला. दुपारी ढग येऊन चार थेंब पडले होते, मी वाळत घातलेल्या कुरडया धावत आत घेतल्या होत्या. बुधवारी एवढी झळ होती की शाळा लवकर सोडली होती. भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं. मामांची एकही रेघ चुकलेली नव्हती. आत्यांना हे ठाऊक होतं, आणि मलाही असेलच असं मामांनी धरलं होतं, म्हणून ते हसले होते. "पुढचा कोरडा दिवस एकच धरायचा," मी अण्णांना म्हणाले. त्या मंगळवारी एक रेघ होती.

त्या संध्याकाळी मी पाइप काढला, गुंडाळला, खिळ्याला टांगला. मामांसारखी गाठ मला आली नाही, साधी बांधली. नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो उठून पुढच्या दाराशी मामांच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला ते चालत होतं. जुन्या रेघांच्या खाली मी नव्या ओढायला लागले. आभाळाचा दिवस सोडायचा, झळांचा दुहेरी धरायचा. पानं पिवळी पडली तेव्हा अनसूयाक्का कुंपणावरून म्हणाल्याच, "मामा गेले आणि झाडाकडे बघायला कुणी उरलं नाही." मी म्हटलं, "अक्का, बघते म्हणूनच पाणी घालत नाही." पण बादली दिसली की हात शिवशिवायचे. रोज पहाटे उठून काही न करता झाडासमोर उभं राहणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं, आणि मामांनी ते किती उन्हाळे केलं तेही.

बेचाळीस रेघा झाल्यावर पाणी सोडलं. चौथ्या आठवड्यात कळ्या दिसल्या. पहिली दोन फुलं निमुळती निघाली. तिसऱ्याची कंबर मी बोटांनी चाचपली... घागर होती. त्यानंतर एकामागून एक. मी तशीच आत गेले आणि मामांच्याच फोनवरून करकंबला फोन लावला. "अण्णा, मामांचा अंदाज चुकला नव्हता. त्या वर्षी पाणी मी घातलं होतं. त्यांना न सांगता."

मग त्यांनी विचारलं, "झाकून घातलं व्हय?"

"हो. वर माती ओढून."

"मुकादम असते तर तुमाला काय बोलले नसते, ताई," ते म्हणाले. "पर मी बोलनार हाय. माजी दोन वरसं आंदळ्यावानी गेली. आन त्येंची कशी गेली, त्ये तुमी बघितलं." मी फोन कानाशी धरून ठेवला. यापेक्षा वेगळं काही ऐकायची माझी इच्छाही नव्हती आणि लायकीही.

गेल्या रविवारी अण्णा आले. ओसरीत आले, टोपी काढली, खिळ्याखाली उकिडवे बसले आणि त्या वर्षीच्या रेघा मोजायला लागले, एकेकीवर बोट ठेवत, ओठ हलवत. मी पुन्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. शेवटच्या रेघेवर बोट थांबलं. "बेचाळीस," ते भिंतीला म्हणाले. "बरोबर हुतं की, मुकादम." मग अंगणात उतरून त्यांनी झाडाची फळं बघितली, सुपारीएवढी झालेली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या रेघा पुसू नका." दिवाळीला घराला रंग द्यायचा आहे. ती भिंत तशीच राहील, असं नवऱ्यानं मी विचारायच्या आधीच रंगाऱ्याला सांगून ठेवलंय.

विटेचा तो तुकडा ओसरीच्या कठड्यावर असतो, मामा ठेवायचे तिथेच. एका बाजूनं तिरका झिजलेला आहे. सरळ धरला तर तो भिंतीवर नुसता घसरतो, रेघ उमटत नाही. मामा धरायचे तसा, अंगठा वर चढवून, मनगट वळवूनच धरावा लागतो. या उन्हाळ्यात मी तो रोज तसा धरला, आणि रोज मनाशी एकच वाक्य म्हटलं, मामा, पाणी मी घातलं होतं. हे वाक्य ऐकायला मामा पावणेदोन वर्षं पुढच्या दाराशीच होते.